जुन्या स्पेक्ट्रम-बीबीसीची चित्रं उघडेनात? आधी बाइट बघा

ऐंशीच्या दशकातला होम कॉम्प्युटर ज्यांच्या घरात अजून आहे, किंवा मशीन गेलं आणि कॅसेट-फ्लॉपी तेवढ्या उरल्या, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी अशा सगळीकडून माझ्याकडे त्या मशीनवरच्या चित्रांच्या फाइली येत असतात. जास्त करून झेडएक्स स्पेक्ट्रम या होम कॉम्प्युटरच्या. डेसिबेल्स कंपनीनं १९८६ पासून परवान्यावर ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला, तोच इकडच्या घरांत सापडतो. त्याखालोखाल बीबीसी मायक्रो, जो १९८४ च्या ‘क्लास’ योजनेतून देशातल्या शाळांत आला. एखादा कमोडोर नाहीतर अमिगा असतो, आखातातल्या पाहुण्यानं आणलेला. आणि मग सीजीए या जुन्या रंगीत चित्र-कार्डाचे डॉसवाले पीसी. मशीन कुठलंही असो, तक्रार ठरलेली: “सर, फाइल हाय, पण चित्र उघडेना झालंय बघा.”

लक्षणं

आपल्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा, कारण पुढचा रस्ता त्यावरच आहे.

– डबल-क्लिक केलं की विंडोज म्हणतं, हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. किंवा अँटिव्हायरस फाइलच उचलून नेतो.
– फोटो दाखवणारं ॲप फॉरमॅट ओळखत नाही. नाव बदलून जेपीजी केलं तरी नाही.
– चित्र दिसतं, पण बाजूला सरकलेलं. वरचं खाली, खालचं वर. नाहीतर एकाखाली एक दोन बुटकी चित्रं.
– आकृती ओळखू येते, पण आत बारीक उभे पट्टे भरलेत किंवा रंग भलतेच आहेत.
– प्रत्येक आठव्या ठिपक्याला उभी रिकामी रेघ.
– कॅसेटवरून चित्र थोडं चढतं आणि ‘आर टेप लोडिंग एरर’ येतो.

शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी कशातच मशीन उघडायचं काम नाही, खर्च शून्य आहे. तरी लोक आधी इंटरनेटवरून चार कन्व्हर्टर उतरवतात, फाइल सगळ्यांतून फिरवतात, आणि मग मूळ फाइल कुठली हेच कळत नाही. म्हणून सुरुवातीलाच मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. पुढची सगळी मोडतोड दुसऱ्या प्रतीवर.

डबल-क्लिक बंद, नाव नीट बघा

स्पेक्ट्रमच्या चित्राचं चालू एक्स्टेन्शन .एससीआर. विंडोजच्या लेखी .एससीआर म्हणजे स्क्रीनसेव्हर, आणि स्क्रीनसेव्हर हा चालवायचा प्रोग्रॅम असतो. त्यामुळे डबल-क्लिक केल्यावर विंडोज ते चित्र ‘चालवायला’ जातं. अँटिव्हायरस संशय घेतो तोही याच कारणानं. फाइलमध्ये व्हायरस असेलच असं नाही. जीमेल असली जोड झिप करूनही स्वीकारत नाही, तेव्हा कुणाला पाठवायची झाली तर एक्स्टेन्शन बदलून .बिन करा आणि घेणाऱ्याला तसं सांगा.

विंडोजमध्ये ओळखीची एक्स्टेन्शन लपवायची सोय मुळातच चालू असते. ती बंद करा. नाहीतर तुम्ही ‘किल्ला’चं ‘किल्ला.पीएनजी’ करता आणि आत खरं नाव ‘किल्ला.पीएनजी.एससीआर’ असतं. नाव बदलून फॉरमॅट बदलत नाही हे तर आहेच.

व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. टीव्हीच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून “यातून मूळ फाइल काढा” म्हणणारेही असतात. त्यातून काही निघत नाही.

आता बाइट

माझं निम्मं काम इथंच संपतं. त्या काळच्या बऱ्याच चित्र-फाइलींत स्वतःबद्दल काहीच लिहिलेलं नसतं. रुंदी नाही, उंची नाही, रंग किती ते नाही. मेमरीतला पडद्याचा तुकडा जसाच्या तसा उचलून ठेवला, झाली फाइल. त्यामुळे ओळख पटवायची ती वजनावरून. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’समोरचा पूर्ण बाइटांचा आकडा वाचा. खालचा ‘साइज ऑन डिस्क’ नको, तो डिस्कच्या खणांत मोजलेला असतो. फाइलींच्या यादीतला केबीचा आकडाही उपयोगाचा नाही. ६९१२, ६९३७ आणि ७०४० या तिन्ही फाइली तिथे ७ केबीच दिसतात, आणि आपला सगळा प्रश्न त्या मधल्या पंचवीस आणि एकशे अठ्ठावीस बाइटांतच अडकलेला असतो.

६९१२ असेल तर ते शुद्ध स्पेक्ट्रम चित्र आहे: २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे, बाइटाला आठ ठिपके या हिशोबानं, ६१४४ बाइट, आणि ३२ गुणिले २४ रंगखणांचे ७६८. ही फाइल .एससीआर नावानं रिकॉइलमध्ये उघडा, उघडेल. रिकॉइल फुकट आहे आणि जुन्या मशीनची चित्रं दाखवण्यात त्याच्यासारखं दुसरं मी पाहिलेलं नाही. फक्त ते एक्स्टेन्शन बघून काम करतं, म्हणून नाव बरोबर हवं.

६९३७ असेल तर ती टेप फाइल आहे. चित्र आत आहे, पण कॅसेटवरचं वेष्टनही सोबत आलंय. आधी दोन बाइट लांबीचे, मग १९ बाइटांचा हेडर (फाइलची माहिती सांगणारा मथळा), परत दोन बाइट लांबीचे, एक खुणेचा, मग खरं चित्र, आणि शेवटी एक पडताळणीचा. म्हणजे पुढचे २४ आणि मागचा १ काढला की ६९१२ उरले. कुठल्याही फुकट हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट एकेक करून दाखवणाऱ्या आणि बदलू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हे पाच मिनिटांचं काम.

७०४० म्हणजे स्पेक्ट्रम प्लस थ्रीच्या डिस्कवरून आलेली फाइल. पुढे १२८ बाइटांचा हेडर आहे, तेवढा उडवा.

२०४८० म्हणजे बीबीसी मायक्रोचा मोड ०, १ किंवा २ (मोड म्हणजे पडद्यावर ठिपके आणि रंग किती ते ठरवणारी मांडणी). १०२४० म्हणजे मोड ४ किंवा ५. २०४७९ दिसला तर सेव्ह करणाऱ्यानं मेमरीतला शेवटचा पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या हिशोबातल्या आकड्यांत) ७एफएफएफ दिला होता, ८००० द्यायला हवा होता. बीबीसीत शेवटच्या पत्त्याच्या आधीच्या बाइटापर्यंतच सेव्ह होतं. शेवटी एक शून्य बाइट जोडा, अडून बसलेला कन्व्हर्टर ऐकेल.

कमोडोर ६४ चं कोआला चित्र १०००३, अटारी एसटीचं डेगास ३२०३४, डेगास एलिटचं ३२०६६, निओक्रोमचं ३२१२८. ही आपल्याकडे क्वचित येतात, आणि रिकॉइल किंवा एक्सएन-व्ह्यू त्यांना मुकाट्यानं उघडतात.

आकडा यातला कुठलाच नसेल तर हेक्स एडिटरमध्ये पहिले काही बाइट बघा. ‘पीके’ दिसलं तर ती झिप आहे, आधी सोडवा. ‘फॉर्म’ आणि थोडं पुढे ‘आयएलबीएम’ दिसलं तर अमिगाचं आयएफएफ. ‘जीआयएफ८’ असेल तर साधं जीआयएफ, नाव काहीही असो. पहिला बाइट हेक्स ०ए असेल तर बहुधा पीसीएक्स. हेक्स एफडी असेल तर जीडब्ल्यू-बेसिकच्या बीसेव्ह आज्ञेनं ठेवलेला सीजीए पडदा. आणि १३ ००, त्यानंतर पुन्हा ००, अशी सुरुवात असेल तर वर सांगितलेली टेप फाइलच, आत एकापेक्षा जास्त गोष्टी असल्यामुळे मोठी झालेली. तिच्यातून ६९१४ लांबीचा तुकडा (चित्राचे ६९१२, खुणेचा एक आणि पडताळणीचा एक) शोधायचा.

चित्र सरकलेलं दिसतंय

हे लक्षण मला आवडतं, कारण चित्र स्वतःच चूक कुठे आहे ते सांगतं.

स्पेक्ट्रमचा पडदा मेमरीत सरळ वरून खाली साठवलेला नसतो. त्याचे तीन समान भाग आहेत, प्रत्येकी ६४ रेघांचे. प्रत्येक भागात आधी आठही अक्षर-ओळींची पहिली रेघ, मग आठांची दुसरी, असं चालतं. कॅसेटवरून चित्र चढताना बघितलं असेल तर आठवेल: वरच्या तृतीयांशात आठ-आठ ठिपके सोडून पट्ट्या उमटतात, हळूहळू मधल्या फटी बुजतात, मग मधला भाग, मग खालचा. तोवर सगळं काळं-पांढरं. शेवटच्या चारपाच सेकंदांत वरून खाली रंग उतरत येतो.

आता १२८ बाइटांचा हेडर न काढता फाइल उघडली तर काय होईल? एका रेघेला ३२ बाइट लागतात, म्हणजे चित्र बरोब्बर चार अक्षर-ओळींनी पुढे जातं. बाजूला अजिबात सरकत नाही. पण प्रत्येक तृतीयांशात वरचा अर्धा भाग खाली आणि खालचा वर जातो, आणि रंग मात्र सरळ चार ओळी खाली उतरतात. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं कुणीतरी हौसेनं काढलेलं एक चित्र माझ्याकडे याच अवस्थेत आलं होतं: खांब खाली-वर तुटलेले, आणि छताचा पिवळा रंग जमिनीवर. देणाऱ्यांचं म्हणणं, कॅसेट खराब झाली. कॅसेटचा काही संबंध नव्हता.

टेप फाइलचे २४ बाइट राहिले तर खूण वेगळी. डावीकडची आठ खणांची पट्टी उजव्या टोकाला जाते आणि उरलेलं चित्र डावीकडे सरकून एक ओळ खाली येतं. ही दोन लक्षणं एकदा डोळ्यांत बसली की हेक्स एडिटर उघडायच्या आधीच उत्तर कळतं.

एकाखाली एक दोन बुटकी चित्रं हा सीजीएचा प्रकार. तिथे सम रेघा एका ठिकाणी आणि विषम रेघा ८१९२ बाइट पुढे असतात. उघडणाऱ्या प्रोग्रॅमला ते माहीत नसेल तर दोन्ही जोड्या सुट्या दिसतात. पुढे बीसेव्हचे ७ बाइटही असतात, ते काढायला विसरू नका.

बीबीसीत वरचं खाली गेलं असेल तर हेडर शोधत बसू नका. तिथे कारण बहुतेक स्क्रोल असतं. पडद्यावर खाली काही टाइप होऊन चित्र एक ओळ जरी वर सरकलं, तरी बीबीसी मेमरीतला मजकूर हलवत नाही, पडदा कुठून सुरू होतो तो पत्ता बदलतं. तशात सेव्ह केलं की फाइलमध्ये चित्राची सुरुवात मध्येच कुठेतरी येते. मोड ०, १, २ मध्ये एक अक्षर-ओळ ६४० बाइटांची, तेव्हा ६४० च्या पटीत कापून मागचा तुकडा पुढे लावा. मूळ मशीन चालू असेल तर त्याहून सोपं: मोडची आज्ञा द्या, लगेच चित्र लोड करा, खाली स्क्रोल होऊ न देता सेव्ह करा.

पट्टे, रेघा आणि रंग

बीबीसीच्या २०४८० बाइटांच्या फाइलमध्ये मोड कुठला ते लिहिलेलं नसतं. तिन्ही मोडमध्ये एका बाइटाला पडद्यावर तेवढीच जागा मिळते, फक्त मोड ० मध्ये त्यात आठ ठिपके, १ मध्ये चार, २ मध्ये दोन. म्हणून चुकीच्या मोडमध्ये चित्राची बाह्यरेषा ओळखू येते पण आत उभे पट्टे भरतात. कन्व्हर्टरला तिन्ही मोड देऊन बघा, एक जुळेलच. मोड जुळला आणि रंगच चुकले तर ते दुरुस्त होण्यासारखं आहे, पण आपोआप नाही. चित्र काढणाऱ्यानं व्हीडीयू १९ या आज्ञेनं रंग बदललेले असणार आणि ते फाइलमध्ये जात नाहीत. चित्र दाखवणारा बेसिक प्रोग्रॅम त्याच डिस्कवर असेल तर त्यात शोधा. नसेल तर ज्यानं काढलं त्याला विचारा, तो आकाश निळं होतं की काळं एवढं तरी सांगेल.

अमिगाचं चित्र रंगांच्या फरफटीसारखं दिसत असेल तर ते हॅम मोडमधलं (शेजारच्या ठिपक्यावरून पुढचा रंग ठरवणारं) असावं, आणि फाइलमधला मोडची नोंद ठेवणारा कॅमजी नावाचा तुकडा गेलेला असावा. कन्व्हर्टरमध्ये हॅम हातानं निवडता आला तर काम होतं.

दर आठव्या ठिपक्याला रिकामी रेघ म्हणजे फाइल कधीतरी सात बिटांच्या सिरीयल जोडणीवरून आली आहे. प्रत्येक बाइटाच्या आठ बिटांतला सगळ्यात वरचा बिट गेला. तो परत येत नाही. मूळ कॅसेट किंवा डिस्क गाठा आणि आठ बिटांनी पुन्हा आणा. तसंच चित्र खाली जाता जाता तिरकं होत गेलं आणि साइज थोडी वाढलेली असली, तर कुणीतरी ती टेक्स्ट मोडमध्ये पाठवली आहे. तिथेही पुन्हा आणणं हाच साधा इलाज.

चित्र नीट आलं की ठेवताना पीएनजीच ठेवा. जेपीजी ठिपक्यांच्या कडा मळवतं, आणि पंधरा रंगांच्या चित्रात शेकडो रंग घुसतात. पुढे परत स्पेक्ट्रमवर न्यायचं म्हटलं की रडकुंडी. मोठं करायचं तर पूर्ण पटीत, म्हणजे २५६ चे ७६८, आणि पर्याय ‘निअरेस्ट नेबर’. छपाईसाठी प्रेसमध्ये द्यायचं असेल तर आपणच मोठं करून द्या, त्यांच्याकडे गुळगुळीत करून टाकतात.

उलटा प्रवास: आजचा फोटो जुन्या मशीनवर

गणपतीच्या दिवसांत ही मागणी हमखास येते. इथं बिघाड असा नसतो, अपेक्षा जास्त असते. स्पेक्ट्रममध्ये ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या एका खणात दोनच रंग बसतात. शिवजयंतीच्या चित्ररथाचा, गर्दीचा आणि दिव्यांचा फोटो दिला तर नुसती राळ उडते. राजहंसगडाचा बुरूज आणि मागे मोकळं आकाश असा फोटो दिला तर झकास येतो. आधी चारास तीन प्रमाणात कापा, काँट्रास्ट वाढवा, २५६ गुणिले १९२ करा, मग कन्व्हर्टरला द्या. बीबीसीच्या मोड २ साठी १६० गुणिले २५६. तिथला ठिपका रुंद असतो, त्यामुळे पीसीवर चित्र उभट दिसलं तरी घाबरू नका.

कॅसेटच वाचत नसेल तर

इथून पुढे थोडा खर्च आणि थोडी जोखीम. आधी कॅसेट हातात घेऊन खिडकीतून फीत बघा. पांढरे ठिपके असतील तर बुरशी आहे, प्लेअरमध्ये घालू नका, खालचा शेवटचा भाग वाचा. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात राहिलेल्या कॅसेटींत हे नेहमीचं. निपाणीकडच्यांत बुरशी कमी पण तंबाखूची धूळ असते, ती प्लेअरच्या हेडवर चिकटून बसते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि रबरी रोलर पुसा. स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसं.

मग आवाज. अगदी पूर्ण नाही, पाऊण. टोन असेल तर ट्रेबल पूर्ण. त्यानंतर हेडशेजारचा छोटा स्क्रू: कॅसेट वाजवत तो किंचित फिरवा आणि आवाज सगळ्यात धारदार होईल तिथे थांबवा. रेकॉर्ड करणाऱ्या प्लेअरचा हेड थोडा तिरका होता, तर वाचणाऱ्याचाही तेवढाच तिरका लागतो. हेच त्या स्क्रूचं काम.

तरी एरर येत असेल तर चित्र पडद्यावर लोडच करू नका. एरर आल्यावर तो संदेश चित्राच्या खालच्या भागावरच छापला जातो. बेसिकमध्ये या आज्ञा द्या: आधी क्लिअर ३२७६७, मग लोड "" कोड ३२७६८. पडताळणीचा बाइट चुकला म्हणून स्पेक्ट्रम ओरडेल, पण तोवर चढलेले बाइट मेमरीत शाबूत असतात. ते सेव्ह "चित्र" कोड ३२७६८,६९१२ नं नव्या कॅसेटवर घ्या. एखादा खण बिघडलेला निघेल, बाकी चित्र मिळेल.

किंवा प्लेअर सरळ लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला जोडा आणि वेव्ह फाइल करा. एमपीथ्री नको, नॉइज रिडक्शन तर मुळीच नको, कारण तो कर्कश आवाज हाच डेटा आहे. फ्यूज या एम्युलेटरच्या (पीसीवर स्पेक्ट्रमसारखं वागणारा प्रोग्रॅम) साधनांत वेव्हमधून टेप फाइल काढायची सोय आहे.

फ्लॉपीचं थोडक्यात: अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हमध्ये कधीच वाचली जाणार नाही, ड्राइव्ह बदलत बसू नका. बीबीसीच्या सव्वापाच इंची डिस्कांनाही पीसीचे बरेच कंट्रोलर दाद देत नाहीत. फ्लॉपीवरचे चुंबकी बदल थेट वाचणारं ग्रीझवीझलसारखं बोर्ड लागतं.

इथं थांबा

फीत किंवा फ्लॉपी बुरशी लागलेली असेल आणि दुसरी प्रत नसेल तर ती एकदाही फिरवू नका. बुरशी हेडवर जाते आणि पुढची चांगली डिस्कही ओरखडते. डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा, आणि देण्याआधी त्याला फ्लक्स पातळीवर, म्हणजे मूळ चुंबकी बदल जसेच्या तसे, वाचता येतं का ते विचारा. “फॉरमॅट मारून बघतो” म्हणाला तर कॅसेट-फ्लॉपी उचलून परत या.

बीबीसी मायक्रो कित्येक वर्षं बंद असेल तर प्लग लावून बघायचा मोह आवरा. त्याच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर म्हातारपणी तडकतात आणि चालू केल्यावर धूर काढतात. ते बदलून घ्या, मग वीज द्या. पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडू नका.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो आणि त्याच्या पिनचा मध्य ऋण असतो. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या उलटे. मल्टिमीटरनं तपासता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं मागचं झाकण कुणीही घरी काढू नये, प्लग काढून ठेवलेला असला तरी. ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. बेळगावात जुने टीव्ही मेकॅनिक अजून आहेत, त्यांना बोलवा. तोवर चित्र एम्युलेटरवर बघता येतंच.